परतीची चिठ्ठी

व्यासपीठावरील ज्येष्ठ सहकारी, जिल्ह्यातल्या उपकेंद्रांतून आलेले समुदाय आरोग्य अधिकारी, आरोग्यसेविका, आरोग्यसेवक, नागपूरच्या मोठ्या रुग्णालयांत फिजिशियन असिस्टंट म्हणून काम करणारे आणि आज रजा काढून आलेले तरुण मित्र, आणि मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या आशाताई. आशाताईंनी कृपया पुढे यावे. पहिल्या दोन रांगा रिकाम्या आहेत आणि आज मी जे बोलणार आहे, ते आधी तुमच्यापाशी पोहोचले पाहिजे.

हे संमेलन भंडाऱ्यात घेता आले असते. आयोजकांनी चिखला निवडले याचे मला समाधान वाटते. तुमसरहून गोबरवाहीकडे येताना धानाच्या बांध्या संपून टेकड्या सुरू होतात, मध्य प्रदेशची सीमा जवळ येते आणि मातीचा रंग काळपट होऊ लागतो. मॅंगनीजचे हे गाव. इथल्या रुग्णाला जिल्हा रुग्णालय दूर आहे आणि त्याच्या घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर तुम्ही आहात. आपल्या धंद्याच्या अडचणी आणि साधने यांवर बोलायला याहून योग्य जागा मला सुचली नसती.

तुम्हाला काय म्हणायचे, हा प्रश्न जुना आहे. नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलमधून एल.एम.पी. ही पदवीहून लहान पदविका घेऊन बाहेर पडलेल्या डॉक्टरांनी या मुलखातली गावे सांभाळली. १९४६ मध्ये भोर समितीने देशात एकाच दर्जाचा डॉक्टर असावा असे सुचवले आणि ती वाट बंद झाली. पुढे १९६५ मध्ये अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलात वैद्यकीय काम केलेल्या चार जणांना घेऊन फिजिशियन असिस्टंटचा पहिला वर्ग सुरू केला. हाताशी अनुभव होता आणि पदवी नव्हती, अशी ती माणसे. आपल्याकडे १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी हा अभ्यासक्रम आणला. २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने त्या नावाला मान्यता दिली. खेड्यात मात्र वेगळ्या दाराने माणूस आला. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे होऊ लागली आणि तिथे सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेला समुदाय आरोग्य अधिकारी बसला. आपल्या राज्यात यातले बहुतेक जण बी.ए.एम.एस. आहेत, काही नर्सिंगचे पदवीधर आहेत. पाट्या बदलल्या, पदनामे बदलली. पहाटे दार वाजते तेव्हा दार उघडणारा माणूस कोण, एवढेच गावाला ठाऊक असते.

अशाच एका पहाटेची गोष्ट मला आज सांगायची आहे. इतकी वर्षे मी ती सभेत सांगितली नाही.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. नोकरीच्या पहिल्या वर्षी याच भागातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले होते. रोवणीचे दिवस होते. पहाटे चारच्या सुमाराला बैलगाडीतून एका विशीतल्या सुनेला आणले. सासू सांगत होती, ''डाक्टरीनबाई, रातीपासून पोट दुखते. डोरे उघडून नाई रायले.'' मला ऐकू आले दोरे. मुलीच्या दंडाला काळा दोरा बांधलेला होता. मला वाटले, आधी मांत्रिकाकडे जाऊन आलेत आणि आता तो दोरा सोडू का नको, हे विचारताहेत. मला राग आला. मी पोट तपासले. ते मऊ होते. अंगावर कुठे सूज नव्हती, जखम नव्हती. पोटदुखीचे इंजेक्शन दिले आणि सकाळी या म्हणून सांगितले. सकाळी त्या आल्या, तेव्हा तिचा श्वास थांबलेला होता.

इथल्या झाडीबोलीत ळ नाही. डोळ्याला इथे डोरा म्हणतात. सासू मला अगदी नेमके निदान सांगत होती, पापण्या पडल्या आहेत म्हणून. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते, बहुतेकदा दुखतही नाही, दातांची खूण शोधून सापडत नाही. पहाटे पोटात दुखते, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू सुटतात. हे सगळे मी पुस्तकात वाचलेले होते. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीच्या अभ्यासाला आयुष्य दिले. त्यांचे काम हाती आले, तेव्हा मला पहिल्यांदा त्या मुलीचीच आठवण झाली.

म्हणून साधनांची गोष्ट मी बोलीपासून सुरू करते. तुमच्यातले जे नाशिक, बीड, कोल्हापूरकडून इथे आले आहेत, त्यांनी पहिल्या महिन्यात आशाताईंजवळ बसून शब्द लिहून घ्यावेत. पोटाचे, छातीचे, पाळीचे, चक्कर येण्याचे. रुग्ण ज्या शब्दात सांगतो तोच शब्द केसपेपरवर लिहावा, आपला अर्थ त्याच्यापुढे लिहावा. अर्थ चुकला तर निदान शब्द तरी पुढच्या डॉक्टरपर्यंत पोहोचतो.

दुसरे साधन तुमचे डोळे आणि घड्याळ. शेतातून आलेला, रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी किंवा घशाची तक्रार घेऊन आला, तर त्याला छताकडे बघायला सांगा. पापण्या वर जातात का पाहा. उताणे झोपवून उशीवरून मान उचलायला सांगा. एका श्वासात आकडे मोजायला सांगा आणि कितीपर्यंत पोहोचला ते वेळेसह लिहा. अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. पंचविसावरून बारावर आला, तर गाडी यायची वाट पाहत स्वस्थ बसू नका. कुशीवर वळवा, तोंडातली लाळ काढा, अंबू बॅग हाताशी ठेवा. मण्यारीच्या विषाने लुळा झालेला माणूस हाताने श्वास देत राहिले तर तासन्‌तास जगतो, आणि पुढे पूर्ण बराही होतो. ती मुलगी जगली असती.

डोळ्यांनी पाहण्याचे मोल आपल्याच राज्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राने जगाला दाखवले आहे. महाडकडे डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाचे रुग्ण पाहत होते. ना ईसीजी, ना अतिदक्षता विभाग. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, नाडी, रक्तदाब यांची रात्रभर नोंद ठेवून त्यांनी विषाचा हृदयावर होणारा परिणाम ओळखला आणि प्राझोसिन या स्वस्त गोळीने मृत्यू रोखले. तिकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांना प्रश्न पडला, की आकडे न येणाऱ्या दाईने बाळाचे श्वास कसे मोजायचे. त्यांनी वाळूचे एक मिनिटाचे घड्याळ आणि मण्यांची पाटी जोडून दिली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. न्यूमोनियाचे निदान झोपडीत होऊ लागले. तुम्हाला आकडे येतात, तुमच्या खिशात फोन आहे. तरीही खोकणाऱ्या बाळाचा अंगावरचा कपडा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजणारे आपल्यात किती आहेत? दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला साठ, वर्षाच्या आतल्याला पन्नास, पाच वर्षांच्या आतल्याला चाळीस. तेवढे किंवा त्याहून जास्त मोजले गेले, तर ते साधे सर्दी-पडसे नव्हे.

आता इथल्या खाणीविषयी. ही खाण चालवणारी मॉईल कंपनी १९६२ मध्ये स्थापन झाली, पण इथले खाणकाम त्याहून कितीतरी जुने आहे. चिखल्याची खाण भूमिगत आहे. खाणीत कामावर असलेल्या माणसाची ठराविक काळाने तपासणी कायद्यानेच होते. निवृत्त झालेला, पूर्वी कधी कंत्राटावर काम करून सोडलेला, किंवा दुसऱ्या राज्यात दगड फोडून परतलेला माणूस मात्र तुमच्याच ओट्यावर येऊन बसतो. त्याला दम लागतो आणि आपण क्षयाची थुंकी तपासायला पाठवतो. ते बरोबरच आहे. पण थुंकीत काही सापडले नाही म्हणून फाइल बंद करू नका. दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस क्षयासारखा दिसतो आणि क्षयाला वाटही करून देतो. मॅंगनीजच्या धुळीचा आजार तर मेंदूचा. १८३७ मध्ये ग्लासगोत जॉन कूपर यांनी तो पहिल्यांदा लिहून ठेवला. चेहरा थिजतो, बोलणे अडखळते, अक्षर बारीक होत जाते, माणूस कारण नसताना हसतो किंवा रडतो. तपासणी अगदी साधी आहे. मागे मागे चालायला सांगा आणि पाठीशी हात धरून उभे राहा, कारण तो पडेल. कायद्याने हा आजार आणि सिलिकोसिस दोन्ही कळवण्याजोगे आजार आहेत आणि शंका आलेल्या डॉक्टरने ते कळवायचे असतात. हे सुरू कुठून होते? तुमच्या केसपेपरवरच्या एका ओळीतून. पूर्वी काय काम केले, किती वर्षे केले. ती ओळ मी पाहिलेल्या शंभर कागदांत क्वचित भरलेली असते.

सिकलसेलवर मी थोडक्यात बोलते, कारण विदर्भात आपण त्यावर पुष्कळ काम करतो. १९५८ मध्येच नागपूरहून या आजाराची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये गेली होती. २०२३ पासून देशपातळीवर मोहीम सुरू आहे, तपासण्या होताहेत, कार्डे वाटली जाताहेत. माझी एकच विनंती आहे. कार्डधारक मुलाला ताप आला तर त्याला इतर मुलांच्या रांगेत बसवू नका. त्याच्या तापाला घाई असते. आणि सॉल्युबिलिटी चाचणी सकारात्मक आली म्हणजे निदान झाले असे आईला सांगू नका, पुढची चाचणी होईपर्यंत तोंड आवरा. एका चुकीच्या शब्दाने मुलीचे लग्न मोडलेले मी पाहिले आहे.

आणि आता ज्यासाठी मी मुद्दाम आले, त्या चिठ्ठीकडे येते.

तुमची सगळ्यात मोठी अडचण कोणती असे मी गेल्या काही महिन्यांत भेटेल त्याला विचारत आले. ॲप सांगितले, नेटवर्क सांगितले, एकच माहिती तीन ठिकाणी भरावी लागते ते सांगितले, कंत्राट सांगितले. या तक्रारी खऱ्या आहेत. मानधनाचा भाग आकड्यांवर अवलंबून असला की हात रुग्णाच्या नाडीवरून फोनकडे जातो, हे वरिष्ठांनी समजून घ्यावे, असे मी त्यांच्या देखत सांगते. पण एका तरुण मुलीने वेगळेच सांगितले. ती म्हणाली, ''मॅडम, मी रुग्ण पाठवते आणि तो हरवतो. बरा झाला का, मेला का, माझे निदान बरोबर होते का, मला कधीच कळत नाही.''

मी त्या रात्री झोपू शकले नाही. त्या सुनेचा मृत्यू मला कळला म्हणून मी मण्यार शिकले. ती दुसऱ्या गावात, दुसऱ्या दवाखान्यात गेली असती, तर पुढच्या वर्षी मी पुन्हा पोटदुखीचे इंजेक्शन दिले असते. तुमच्यातल्या किती जणांच्या हातून असे काही झाले असेल आणि त्यांना कळलेही नसेल! चूक कळू न देणारी व्यवस्था तुम्हाला वर्षानुवर्षे तिथेच ठेवते, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

आपण लिहितो काय? ‘पोटदुखी, पुढील उपचारासाठी रेफर.’ याने वाहनाची सोय होते, माहिती पोहोचत नाही. चिठ्ठीवर चार गोष्टी हव्यात: मी काय पाहिले, किती वाजता पाहिले, काय दिले, आणि मला कशाची भीती वाटते. ही शेवटची गोष्ट लिहायला आपण घाबरतो, कारण निदान करायचा अधिकार आपला नाही असे सतत ऐकवले जाते. भीती लिहायला अधिकार लागत नाही. ‘दोन वाजता पापण्या ठीक, चार वाजता अर्ध्या मिटलेल्या, मण्यारीची शंका’ एवढे वाक्य ग्रामीण रुग्णालयातल्या रात्रपाळीच्या डॉक्टरचा अर्धा तास वाचवते.

आणि चिठ्ठीची मागची बाजू कोरी ठेवून पाठवा. वर उपकेंद्राचे नाव आणि फोन नंबर लिहा. तिथले डॉक्टर दोन ओळी लिहून रुग्णाच्या हाती देतील. सगळे देणार नाहीत. जे देणार नाहीत, त्यांच्या रुग्णाच्या घरी आठव्या दिवशी आशाताईंनी जावे आणि रुग्णालयाचा कागद मागून घ्यावा. तो असतोच, पिशवीच्या तळाशी, औषधांच्या रिकाम्या पाकिटांखाली, इंग्रजीत. जिल्ह्याच्या वरिष्ठांकडे माझी मागणी आहे, की मासिक बैठकीतला अर्धा तास उद्दिष्टांच्या आकड्यांतून सोडवावा आणि त्यात फक्त परत आलेल्या चिठ्ठ्या वाचाव्यात. नाव न घेता, कोणालाही उभे न करता. ई-संजीवनीवर ज्या डॉक्टरांशी बोलता, त्यांनाही आठवड्याने रुग्णाचे काय झाले ते कळवा. त्यांनाही कोणी सांगत नाही.

केंद्र सरकारने २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायचे आहेत. रोवणीला अजून काही आठवडे आहेत, म्हणून दुपारचे भाषणसत्र आम्ही रद्द केले आहे. बाहेरच्या मंडपात टेबलांवर काचेच्या नळ्या मांडल्या आहेत. नव्या, कोरड्या, साबणाने न धुतलेल्या. साबणाचा अंश राहिला किंवा नळी प्लास्टिकची असली, तर रक्त गोठण्याची चाचणी फसवते. शिरेतले दोन मिलिलिटर रक्त नळीत घ्यायचे, वीस मिनिटे हलवायचे नाही, मग एकदाच तिरपे करायचे. गोठले नाही तर घोणस किंवा फुरसे समजा. गोठले तर मण्यार आणि नाग अजून शिल्लक आहेत, तेव्हा पापण्यांकडे पाहा. रक्त द्यायला मी पहिली बसते. नळीवर वेळ लिहायला विसरू नका. आशाताईंनी माझ्या टेबलापाशी यावे. वीस मिनिटे मोकळी आहेत, तेवढ्यात आपण त्या शब्दांची यादी सुरू करू. पहिला शब्द मी वहीत लिहून आणला आहे.