नाव थांबते, दिवस थांबत नाही



दिवसभर तापलेली जमीन अजून वाफा टाकीत असता आपण घरच्या अंगणातली बाज सोडून येथे येऊन बसला आहांत, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. आम्ही इतिहाससंशोधक नव्हे, आणि गिर्यारोहक तर नव्हेच नव्हे. आंजीच्या माणसाला डोंगर म्हटला म्हणजे गिरडची टेकडी आठवते, आणि नाव म्हटली म्हणजे काहीच आठवत नाही. धाम नदी आठ महिने चालत ओलांडता येते. अशा माणसांनी एकाच दिवशी नावेतही बसावे आणि डोंगरही चढावा, हा योग विरळा. तो आम्हां आठजणांना गेल्या हिवाळ्यात आला. त्यात आमची जी फजिती झाली आणि त्या फजितीतून जे उमगले, ते आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

हल्ली मोठमोठ्या आरामबोटींतून जग पाहण्याची रीत पडली आहे. बोट एखाद्या बंदरात सकाळी लागते आणि संध्याकाळी सुटते. मधले पाचसहा तास उतारूंचे. माँटेनेग्रो देशात कोटोर नावाचे जुने बंदर आहे. गावाच्या पाठीशी उभा डोंगर, डोंगरावर व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी भक्कम केलेली तटबंदी आणि माथ्यावर किल्ला. सुमारे साडेतेराशे पायऱ्या चढून उतारू वर जातात. खाली पाहावे तो आपण आलो ती प्रचंड बोट खेळण्याएवढी दिसते. परंतु त्या खेळण्याचे घड्याळ मात्र खरे असते. वेळ झाली की बोट सुटते. मागे राहिलेल्याने पुढचे बंदर आपल्या खर्चाने गाठावे.

आपल्या महाराष्ट्रात असा प्रकार आहे काय, असे कोणी विचारील. आहे. सातारा जिल्ह्यात वासोटा नावाचा किल्ला आहे. साताऱ्याहून कासच्या पठारावरून बामणोलीस जावे, तेथे वनखात्याची परवानगी घ्यावी, लाँच ठरवावी, आणि कोयनेच्या शिवसागर जलाशयातून ताससव्वातासाचा प्रवास करून पलीकडच्या जंगलाच्या पायथ्याशी उतरावे. तेथून चढ सुरू होतो. मुक्कामाची परवानगी नाही; सूर्यास्तापूर्वी परतलेच पाहिजे. फरक एवढाच, की कोटोरची बोट शेकडो माणसांची असते. येथे लाँच लहान, आणि ती राखून बसलेला माणूस एकटा.

आम्ही सकाळी नऊला बामणोली सोडली. पाणी इतके निश्चल होते की डोंगर दोनदोन दिसत, एक वर आणि एक खाली. आमच्यात एक काकू होत्या, सत्तरीच्या जवळ आलेल्या, आयुष्यभर शाळेत शिकविलेल्या. त्यांचा उत्साह तरुणांना लाजविणारा. गुडघे मात्र वयाला धरून. नावाडीदादांनी उतरताना एकच गोष्ट सांगितली: "चारला हितं या." आम्ही आठांनीही मान डोलावली. मान डोलावण्यास काय लागते?

पायथ्याशी वनखात्याच्या चौकीवर आमच्याजवळच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि पिशव्या मोजल्या गेल्या. अनामत रक्कम भरावी आणि परतताना तितक्याच वस्तू दाखवून ती परत घ्यावी, असा नियम आहे. आम्हांला तो फार आवडला. नेले तेवढे परत आणा, हा हिशेब प्रत्येक गावच्या जत्रेला लावता आला तर किती बरे होईल!

पहिली वाट ओढ्याच्या सोबतीने जाते. मग दाट झाडी. भर दुपारी तेथे संध्याकाळचा उजेड. हे कोयना अभयारण्य १९८५ सालचे, आणि २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. वाटेवर गव्याचे शेण ताजे होते. आपल्याकडे बोरच्या जंगलात गाडीत बसून प्राणी पाहणे निराळे आणि आपण पायी असताना ते आपल्याला पाहत आहेत असे वाटणे निराळे. शेवटी झाडी संपते आणि उन्हात उघडा, अंगावर येणारा चढ लागतो. काठापासून माथ्यापर्यंत उंची सुमारे पाचशे मीटर. काकू वीस पावले चालत आणि थांबत. आम्ही त्यांना धीर देत होतो, असे आम्हांस वाटे. खरे पाहता त्यांच्या थांबण्यामुळे आमचीही छाती ठिकाणावर राहत होती. एक वाजता आम्ही पडक्या दरवाजातून आत शिरलो. समोर छप्पर नसलेले मारुतीचे मंदिर. काकूंनी पायरीवर डोके टेकले आणि तेथेच बसकण मारली.

हा किल्ला शिवाजीमहाराजांनी १६६० साली घेतला आणि त्याला व्याघ्रगड हे नाव दिले. पुढे त्याचा उपयोग बहुतांशी तुरुंग म्हणून झाला. अशा जागेतून कैदी पळणार कोठे? पेशवाईच्या अखेरीस ताई तेलिणीने बापू गोखल्यांच्या फौजेशी येथून सुमारे आठ महिने झुंज दिली. १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांपुढे गड पडला, तेव्हा साताऱ्याच्या राजघराण्यातील माणसे आणि दोन इंग्रज अधिकारी येथे कैदेत होते. ज्याला वर येण्यासाठी आम्ही रजा काढून, पैसे खर्चून आलो, तेथून खाली जाण्यासाठी कित्येकांनी दिवस मोजले असतील.

गडाच्या एका अंगाला बाबुकडा आहे. त्याच्या कडेवरून कोकण एकदम पायाखाली दिसते. येथे उभे राहिले म्हणजे कोयना प्रकल्पामागची कल्पना पुस्तक न वाचता कळते. कोयना मूळची पूर्वेची नदी. महाबळेश्वरी उगम पावून दक्षिणेकडे येते, हेळवाकजवळ वळते आणि कऱ्हाडला कृष्णेस मिळते. तिला बांध घालून पाण्याचा मोठा भाग बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेस नेला आणि जवळजवळ पावणेपाचशे मीटर खाली सोडून त्यावर वीज काढली. पुढे दक्षिणेस १०३ मीटर उंचीचे ते धरण १९६० च्या दशकात पुरे झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंपही त्याच खोऱ्यातला. महाराष्ट्रातील गिरण्या आणि घरे ज्या विजेने उजळली, ती या कड्याच्या उंचीची देणगी आहे.

हे सर्व पाहण्यात आणि परस्परांस समजावून सांगण्यात आम्ही दंग झालो. दोनला निघावयाचे ठरले होते. पण कोणाला आणखी एकदा कड्याशी जावयाचे होते, कोणाला छायाचित्र हवे होते, कोणाला भाकरी निवांत खायची होती. दोष एकाचा नव्हे, आठांचाही. गड सोडला तेव्हा तीन वाजले होते.

मंडळी, चढताना माणसाचा दम जातो; उतरताना गुडघे जातात. आमचा हिशेब असा, की चढायला अडीच तास लागले, तर उतरायला दीड पुरे. झाडीच्या तोंडाशी काकूंचा पाय मुडपला. पडल्या नाहीत, पण त्यानंतर प्रत्येक पाऊल दोघांच्या आधाराने. चार वाजून गेले, साडेचार झाले. झाडीतला उजेड पितळी झाला, मग राखी. कोणी बोलेना. काकू म्हणाल्या, "तुम्ही पुढे व्हा आणि नाव थांबवा. मी येथे बसते." व्याघ्रराखीव जंगलात संध्याकाळी माणूस एकटा बसवून जावयाचे! आणि तरीही, खरे सांगतो, क्षणभर आमच्यापैकी एकदोघांनी एकमेकांकडे पाहिले. त्या पाहण्याची लाज आम्हांला अजून वाटते. आम्ही त्यांना बसू दिले नाही. पण तो विचार मनाला शिवून गेला, तो आमच्याच उशिराने शिवला. वेळ हातात असता तर आम्ही सारे सज्जनच राहिलो असतो.

ओढ्यापाशी आलो तो समोरून विजेरीचा प्रकाश. नावाडीदादा आम्हांला शोधीत वर आले होते. आम्ही क्षमा मागू लागलो. त्यांनी काकूंचा दंड धरला आणि म्हणाले, "नाव थांबती, बाई, दिस थांबत न्हाई." रागाचा एक शब्द नाही.

काळोख उतरत असता लाँच निघाली. पाण्याच्या मध्यावर त्यांनी एका बाजूस हात केला. तेथे खाली त्यांच्या आज्याचे शेत होते, म्हणाले. घर होते, देऊळ होते. धरणाचे पाणी चढले तेव्हा भाऊबंद दूरच्या जिल्ह्यांत पांगले. त्यांचा आजा डोंगराच्या वरच्या अंगाला सरकून राहिला. आता नातू त्याच शेतावरून नाव चालवितो. सकाळी त्याच जागेवर आम्ही पाण्यातले डोंगर पाहून वाहवा केली होती.

कोयनेच्या विस्थापितांच्या पुनर्वसनाचे प्रश्न अर्धशतकाहून अधिक काळ रेंगाळले. कड्यावर उभे राहून आम्ही विजेचा हिशेब मांडला, तो चूक नव्हता, अर्धा होता. उरलेला अर्धा भाग पाण्याखाली होता आणि तो सांगणारा माणूस आम्ही खाली काठावर ताटकळत ठेवला होता. आपल्या धामेवरही महाकाळीला धरण आहे. त्या काठावर आपण सहलीला जातो, डबा खातो, सूर्यास्त पाहतो. पुढच्या खेपेस तेथल्या एखाद्या वृद्धाला विचारावे, की पाण्याखाली काय होते.

आपल्यापैकी ज्यांना वासोट्यास जावयाचे असेल त्यांनी अवश्य जावे. पावसाळा टाळावा, हिवाळा धरावा. पाणी भरपूर न्यावे. वर पोहोचण्याची वेळ ठरवू नये, वरून निघण्याची ठरवावी. आणि ती वेळ झाली की माथा दहा पावलांवर असला तरी पाठ फिरवावी. माथा तेथेच राहतो. खाली कोणीतरी आपली वाट पाहत असतो, त्याला उजेडात घरी जावयाचे असते.

काकू आज येथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत. गुडघा आता बरा आहे. पुन्हा जावयाचे म्हणतात. आम्ही अट घातली आहे, की दोनची शिट्टी त्यांनीच वाजवावी. शाळेतली सवय आहे. त्या घंटा चुकवावयाच्या नाहीत.