‘काही येत नाही’ असं लिहू नका

कुणाची जेवणं आवरली असतील, कुणी भाजी निवडत ऐकत असेल. हात चालू द्या. आजचं बोलणं हाताच्या कामाबद्दलच आहे.

मागच्या हिवाळ्यात आमच्या गटांनी जिल्ह्याच्या प्रदर्शनात स्टॉल लावला होता. पापड, लोणची, कुरडया आणि गोधड्या. शेजारच्या स्टॉलवर छत्तीसगडमधल्या बस्तरहून आलेलं एक जोडपं होतं. बस्तर म्हणजे आपल्या गडचिरोलीला लागूनचा मुलूख. हे लोक घडवा समाजाचे, पितळेच्या मूर्ती ओतणारे. हत्ती, दिवे, डोक्यावर टोपली घेतलेल्या बाया, आणि प्रत्येक मूर्तीच्या अंगावर बारीक दोरी गुंडाळल्यासारखी नक्षी. पितळेवर अशी दोरी कोरत कशी असतील, हे आम्हाला उमजेना. विचारलं, तर त्या बाईंनी पिशवीतून एक लाकडी साचा काढून दाखवला. आमच्यातल्या चौघीजणी एकदमच म्हणाल्या, “अगं, हा तर आपला सोऱ्या!”

खरंच सोऱ्याच तो. आपण त्यात गव्हाचा चीक घालतो, ते मेण घालतात.

त्यांची रीत अशी. आधी मातीत भाताचं तूस मिसळून मूर्तीचा गाभा करायचा आणि वाळवायचा. मग साच्यातून मेणाच्या दोऱ्या पाडून त्या गाभ्यावर शेजारी शेजारी गुंडाळायच्या. डोळे, दागिने, केस, सगळं मेणाचं. त्यावर आधी मऊ गाळलेली माती, मग जाड मातीचे थर. एक भोक ठेवायचं आणि भट्टीत घालायचं. आतलं मेण वितळून जातं आणि त्याची जागा पोकळ राहते. त्या पोकळीत वितळलेलं पितळ जातं. गार झालं की वरची माती फोडायची. माती फुटली की साचा गेला, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती. दुसरी हवी असेल तर पुन्हा पहिल्यापासून.

घरी आल्यावर या कामाबद्दल आणखी वाचायला घेतलं, तेव्हा एका बाईचं नाव सापडलं. मीरा मुखर्जी. आपल्या देशातल्या मोठ्या शिल्पकार. त्यांची गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे.

मीराताईंचा जन्म १९२३ साली कोलकात्यात झाला. लहान वयातच त्या चित्रकला शिकायला लागल्या. १९४१ साली लग्न झालं आणि शिकणं थांबलं. पुढे ते लग्न मोडलं. आपल्या गटांमध्ये एकट्या राहणाऱ्या किती बहिणी आहेत. लग्न मोडल्यावर लोक काय काय बोलतात, ते त्यांना वेगळं सांगायला नको. मीराताई पुन्हा शिकायला गेल्या. दिल्लीत चित्रकला आणि शिल्पकलेचा अभ्यास केला. मग शिष्यवृत्ती मिळवून १९५३ साली जर्मनीतल्या म्युनिक शहरात गेल्या. तिथे त्यांचा ओढा चित्राकडून शिल्पाकडे वळला.

परत आल्यावर काही वर्षं त्यांनी शाळेत मुलांना कला शिकवली. परदेशात शिकून आलेली बाई, पक्की नोकरी. एखादीने म्हटलं असतं, आता बसा निवांत. पण १९६० नंतर त्यांनी शाळेतलं शिकवणं सोडलं. सरकारच्या मानववंशशास्त्र सर्वेक्षण खात्याच्या अभ्यासवृत्तीवर त्या धातूचं काम करणाऱ्या कारागिरांचा माग काढत गावोगाव फिरू लागल्या. तेव्हा त्यांचं वय चाळिशीला टेकत होतं.

त्या बस्तरला गेल्या. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या ओतकाम चाललं, पण ज्यांच्याकडे कागद म्हणून काही नव्हता, अशा घडवा कारागिरांकडे त्या शिकल्या. बाकीचे शिकलेले लोकही अशा कारागिरांकडे जात, पण बहुतेक जण मूर्ती विकत घेत, फोटो काढत आणि निघून जात. मीराताईंनी ती माती, ते मेण आणि ती भट्टी आपल्या हाताखाली घेतली.

पुढे आयुष्यभर त्यांनी त्याच रीतीने काम केलं. त्यात आपली भर घातली. कारागीर हातभर मूर्ती करत, मीराताईंनी माणसाहून उंच मूर्ती केल्या. एवढं मोठं काम एका ओतात होत नाही, म्हणून ते तुकड्या-तुकड्यांनी ओतून जोडायचं. कलिंगच्या लढाईनंतरचा सम्राट अशोक ही त्यांची मोठी मूर्ती दिल्लीत आहे. जिंकलेला राजा, पण जिंकल्याचा आनंद नसलेला.

राजाची मूर्ती केली, तरी त्यांच्या कामात जास्त दिसतात ती तुमच्या-आमच्यासारखी माणसं. नावाडी, मासे धरणारे, विणकर, ओझी ओढणारे मजूर, बसमध्ये दाटीवाटीने बसलेले प्रवासी. काम करताना माणसाचं अंग कसं वाकतं, कसा झोक घेतं, ते त्यांनी पितळेत आणि काशात धरून ठेवलं. आपण रोपं लावताना ओळीने वाकतो ना, त्यात कुणी बघण्यासारखं काही असेल असं आपल्याला वाटत नाही. त्यांना वाटलं असतं.

दोन गोष्टी आम्हाला फार भावल्या. एक म्हणजे, १९७८ साली त्यांचं भारतातल्या धातू कारागिरांवरचं पुस्तक निघालं. कुठल्या भागात कोण ओततं, कशी माती वापरतं, भट्टी कशी लावतं, हे सगळं त्यांनी फिरून टिपून ठेवलं होतं. ज्यांच्याकडून शिकल्या त्यांचं ज्ञान कागदावर आणलं. दुसरी म्हणजे, कोलकात्याच्या दक्षिणेकडच्या खेड्यात त्यांनी बायका-मुलांना घेऊन कांथा शिवून घेतला. कांथा म्हणजे जुन्या साड्या एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवायचं काम. आपली गोधडीच की! त्या कांथ्यांवर मुलांनी काढलेली चित्रं असत. १९९२ साली मीराताईंना पद्मश्री मिळाली आणि १९९८ साली त्या गेल्या.

आता आमच्या गटाची गोष्ट सांगतो. थोडी लाज वाटते, पण सांगतो.

प्रदर्शनाच्या आधी आम्ही सभासदांचे माहितीचे अर्ज भरत होतो. त्यात ‘अवगत कौशल्य’ असा एक रकाना होता. एका आजींना विचारलं, “आजी, तुम्हाला काय येतं?” त्या म्हणाल्या, “मला काय येतंय बाई? काही न्हाई.” आम्ही लिहिलं, ‘काही नाही’. आणि पुढच्या नावाला गेलो.

पुढे गोधडीचं प्रशिक्षण ठरलं. प्रशिक्षिका बाहेरून आल्या. शिकलेल्या होत्या, मन लावून शिकवत होत्या. पण कोपरा वळवताना कापडाला चुणी पडायला लागली. मागे बसलेल्या आजी उठल्या, सुई हातात घेतली, चार टाके घातले आणि कोपरा सपाट झाला. मग तीन दिवस प्रत्येकीचा कोपरा आजींनीच वळवून दिला. मानधन मात्र प्रशिक्षिकेला गेलं, आजींना चहा मिळाला. यात त्या प्रशिक्षिकेची काही चूक नव्हती. चूक आमच्या पेनाची होती. प्रदर्शनात सगळ्यात आधी खपल्या त्या आजींच्या गोधड्या.

मीराताईंबद्दल वाचलं आणि तो रकाना डोळ्यांसमोर आला. एवढी शिकलेली बाई कारागिराच्या अंगणात जाऊन शिकते आणि त्याचं सगळं लिहून ठेवते. आम्ही आमच्याच आजींचं ‘काही नाही’ लिहून ठेवलं.

पुढच्या बैठकीत विषय मांडला, की आता गोधडीचं प्रशिक्षण आजींनी द्यावं आणि त्यांना मानधन मिळावं. सगळ्यांना लगेच पटलं असं नाही. दोघी म्हणाल्या, “आजी तर घरच्याच. घरच्या माणसाला कसलं मानधन?” बराच वेळ वाद झाला. शेवटी एकीने विचारलं, “बाहेरच्या बाईला दिलं तेव्हा आपण कुणी बोललो का?” मग ठराव झाला. आजींनी गेल्या महिन्यात दोन दिवस शिकवलं. मानधन हातात घेताना त्यांनी तीनदा विचारलं, “हे माझंच का?”

सगळं सुटलं असं समजू नका. प्रशिक्षक म्हणून नाव लावायचं तर अजून प्रमाणपत्र मागतात आणि आजींकडे ते नाही. त्यासाठी आमचे हेलपाटे चालू आहेत. पण आमच्या गटाच्या वहीत आता आजींच्या नावापुढे लिहिलंय : गोधडी, लुगड्याची आणि धडप्यांची, कोपरा वळवण्यात हातखंडा.

म्हणून तुम्हाला एक काम सांगायचंय. पुढच्या बैठकीत वही उघडा. जिथे ‘काही नाही’ किंवा ‘घरकाम’ लिहिलंय, तिथे थांबा. त्या बाईला ‘काय येतं’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ठरलेलं असतं. “लोक तुमच्याकडे कशासाठी येतात?” असं विचारा. कुणाकडे चूल घालून घ्यायला येत असतील, कुणाकडे बियाणं निवडायला, कुणाकडे सुईणीच्या सल्ल्याला. जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहा. आणि तुमच्यातल्या तरुण मुलींना तिच्याजवळ बसवा, कारण आजींच्या डोळ्याला आता सुई ओवता येत नाही. शिकायचं असेल तर आत्ताच शिकायला हवं.

तुमच्या वहीत काय काय निघालं ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या वेळी इथेच वाचून दाखवू. येतो मैत्रिणींनो, नमस्कार.