मुलांना सांगताना



कारखान्यांच्या या बीरगांवात वाढणारी आपली मुले ३० जानेवारीला आम्हां शिक्षकांना विचारतात, "गांधीजींना मारणारा मराठी होता का?" उत्तर टाळावेसे वाटते, पण आम्ही टाळीत नाही. १९४८ साली दिल्लीत गोळ्या झाडणारा नथुराम गोडसे पुण्याच्या एका मराठी वृत्तपत्राचा संपादक होता, हे आम्ही स्पष्ट सांगतो. त्यानंतर महाराष्ट्रात निरपराध ब्राह्मणांची घरे जाळली गेली, हेही सांगतो. एकाच्या अपराधासाठी साऱ्या जातीला शासन करणे हा अन्यायच होता. परंतु साने गुरुजींनी स्वतःचा काहीही दोष नसता त्याच वर्षी प्रायश्चित्त म्हणून २१ दिवस उपोषण केले. मुलांनी मान खाली घालू नये. गुरुजींची ही वेदना मात्र जाणावी, एवढीच आमची प्रार्थना आहे.