रायफल अडते कुठे, दोष असतो कुठे

बोल्ट ओढून चालवायच्या शिकारी रायफलीवर मुरब्यात व्याख्यान कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. आपल्या गावाला रान कमी आणि समुद्र जास्त. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार तर संपलीच. आज कायद्याने रायफल रानात जाते ती पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरासाठी, तीही परवानगी हाती असेल तर. तरी हे यंत्र आपल्याला परके नाही. पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशके दिसलेली थ्री नॉट थ्री याच जातीची. परवानाधारकांकडची .315 रायफल इशापूरच्या कारखान्यात तिच्याच धाटणीवर घडली. एनसीसीतल्या मुलामुलींनी .22 रायफलीवर नेम धरला असेल, तर तिचाही बोल्ट त्यांनी हातानेच ओढला असेल. मला या हत्याराचे गुणगान करायचे नाही. ते बिघडते तेव्हा माणूस कसा विचार करतो आणि कसा करायला हवा, एवढाच माझा विषय आहे. माझे म्हणणे असे, की रायफल जिथे अडते तिथेच तिचा दोष आहे हे गृहीत धरणे ही दुरुस्तीतली सर्वांत महाग चूक आहे.

या रायफलीत आपोआप काहीच घडत नाही. मूठ वर उचलायची, बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, मूठ खाली पाडायची. या चार हालचालींत रिकामी पुंगळी सुटते, बाहेर फेकली जाते, मॅगझीनमधले नवे काडतूस वर येते, चेंबरमध्ये शिरते, फायरिंग पिनची स्प्रिंग ताणली जाते आणि बोल्ट कुलपासारखा बसतो. सगळे काम हाताने होत असल्यामुळे अडथळा नेमका कोणत्या क्षणी लागला हे हातालाच कळते. पुढे ढकलताना अडले तर संशय मॅगझीनवर आणि काडतुसांच्या मांडणीवर. मूठ खाली पाडताना जड गेले तर चेंबरमधली घाण, चेपलेले काडतूस किंवा त्याची लांबी. बार झाल्यावर मूठ उचलताना जड गेले तर फुगून चिकटलेली पुंगळी. मात्र त्या रायफलीचा स्वभाव आधी माहीत हवा. मॉझर जातीत स्प्रिंग मूठ उचलताना ताणली जाते, तर थ्री नॉट थ्रीत बोल्ट पुढे ढकलताना शेवटच्या टप्प्यात. एकीत जो जडपणा बिघाड ठरेल तो दुसरीत ठरलेलाच असतो.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. चाप ओढला, ‘खट्’ झाले, बार झालाच नाही. पहिली गोष्ट सुरक्षिततेची: नळी निर्धोक दिशेला ठेवून निदान अर्धा मिनिट थांबायचे, कारण कधी कधी दारू उशिरा पेटते. बार झाला पण आवाज दबका आला, तर पुढची गोळी भरायचीच नाही. आधीची गोळी नळीतच अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागून दुसरी सुटली तर नळी फाटते. हे झाल्यावर न उडालेल्या काडतुसाच्या बुडाकडे पाहायचे. तिथल्या दारू पेटवणाऱ्या टोपीवर पिनचा खड्डा खोल आणि मधोमध असेल तर पिनने आपले काम केले आहे. दोष बहुतेक काडतुसाचा. खड्डा उथळ असेल तर पिनचा ठोसा कमी पडला. तोही पिन झिजल्यामुळेच असे नाही. बोल्टच्या पोकळीत जुने ग्रीस घट्ट झाले असेल, स्प्रिंग थकली असेल, मूठ पुरती खाली बसली नसेल किंवा बोल्टचे तोंड आणि काडतुसाचे बूड यांच्यात नको इतके अंतर पडले असेल. चार कारणे आणि लक्षण एकच. तरी ‘खट्’ ऐकताच नवी पिन मागवली जाते. ती बसवताना बोल्ट उघडला जातो, ग्रीस पुसले जाते, रायफल चालू लागते आणि श्रेय पिनला मिळते. पुन्हा ग्रीस साचले की पुन्हा तीच पिन बदलायची. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि मग तपासावे, हा नियम याच फसगतीपासून वाचण्यासाठी आहे.

मॅगझीनचेही असेच होते. .303 आणि .315 या दोन्ही काडतुसांच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे राहिली पाहिजे. मागे राहिली तर वरचे काडतूस पुढे सरकताना खालच्यात अडकते आणि बोल्ट थबकतो. अडथळा जाणवतो मॅगझीनच्या तोंडाशी, म्हणून कोणी तिथले ओठ कानशीने घासतो, कोणी पक्कडीने वाकवतो. भरण्यातली चूक अशाने धातूत कायमची कोरली जाते.

घाईने ठेवलेल्या ठपक्याची किंमत केवढी असते, हे पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्याने दाखवून दिले. सर चार्ल्स रॉस या स्कॉटिश सरदाराने बनवलेली रॉस रायफल निशाण्यावर अप्रतिम होती. तिचा बोल्ट मूठ न वळवता सरळ मागे ओढायचा. एप्रिल 1915 मध्ये ईप्रच्या दुसऱ्या लढाईत भराभर गोळीबार करायची वेळ आली आणि बोल्ट अडकू लागले. सैनिक बुटाच्या टाचेने, फावड्याच्या दांड्याने मूठ ठोकू लागले. हजाराहून अधिक जणांनी आपली रायफल टाकून पडलेल्या ब्रिटिश सैनिकांची ली-एनफिल्ड, म्हणजे आपली थ्री नॉट थ्री, उचलली. एक पक्ष म्हणाला, खंदकातला चिखल. दुसरा म्हणाला, ब्रिटिश बनावटीची काडतुसे मापाने सैल, आणि रॉसचे चेंबर नेमके घट्ट. दुसऱ्या म्हणण्यात तथ्य होते आणि चेंबर मोठेही करण्यात आले. पण मुळाशी आणखी एक गोष्ट निघाली. बोल्ट मागे ओढला की त्याच्या तोंडाशी असलेल्या कडांपैकी मागची कड एका छोट्याशा थांबपट्टीवर आदळायची. पट्टीची धार बारीक, बोल्टचे पोलाद पुरेसे कडक नाही. आदळून आदळून कड चेपायची, आणि चेपलेली कड पुढच्या वेळी कुलपाच्या खाचेत शिरताना अडायची. म्हणजे बोल्ट अडायचा पुढे, पण त्याला इजा व्हायची मागे, तीही आधीच्या शेकडो वेळच्या ओढण्यातून. थांबपट्टी मोठी केली, पोलादाची प्रक्रिया सुधारली. तोवर सैनिकांचा विश्वास उडाला होता. 1916 मध्ये कॅनडाच्या पायदळाने ली-एनफिल्ड घेतली. दुरून अचूक नेम धरणाऱ्या निवडक नेमबाजांकडे मात्र रॉस टिकून राहिली, कारण संथ आणि स्वच्छ वापरात ती उत्तमच होती. मला या इतिहासात सगळ्यात बोलके वाटते ते हे, की चिखल आणि काडतूस ही दोन्ही कारणे खोटी नव्हती. अर्धे खरे कारण सापडले की शोध थांबतो. तिथे थांबायचे नाही, हे अवघड असते.

आता आपल्या किनाऱ्याचा प्रश्न. नळी आतून गंजणे हा बंदूकवाल्यांचा जुना शाप. पिढ्यान्‌पिढ्या समजूत अशी, की दारूच्या ज्वलनातून उरणारे आम्ल नळी खाते, आणि उपाय म्हणजे भरपूर तेल. 1922 मध्ये अमेरिकेच्या सरकारी खाणविभागातले विल्बर्ट हफ यांनी प्रयोगांनी वेगळेच दाखवले. त्या काळच्या काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते पेटले की पोटॅशियम क्लोराइड उरते, म्हणजे आपल्या मिठाचे सख्खे भावंड. ते नळीत बसते, हवेतले पाणी ओढून घेते आणि पोलाद गंजवते. कोरड्या हवेत तीच नळी तशीच घाण असूनही जवळजवळ गंजत नाही. दमट हवेत एका रात्रीत लाल होते. आणि मीठ तेलात विरघळत नाही. वर तेल चोपडले तरी खाली क्षार तसाच राहतो. म्हणून ब्रिटिश फौजेत गोळीबारानंतर नळीतून उकळते पाणी ओतायची, ती कोरडी करायची आणि मगच तेल लावायची पद्धत होती. पोलादाच्या हत्यारात मुद्दाम पाणी ओतणे विचित्र दिसते, पण कारण कळले की तेच शहाणपणाचे ठरते. आजच्या बहुतेक शिकारी काडतुसांच्या टोपीत हा क्षार नसतो, लष्करी बनावटीच्या जुन्या साठ्यात मात्र तो असू शकतो. शिवाय मुरबे, सातपाटी, तारापूरच्या वाऱ्यात मीठ वेगळे आणायला लागत नाही. इथे चेंबर गंजून खड्डे पडले की बार होताना पितळ त्या खड्ड्यांत फुगून रुतते, पुंगळी निघत नाही आणि तिला ओढणाऱ्या आकड्याची पकड सुटते. मालक सांगतो, ‘आकडा गेला.’ आकडा बदलला तरी पुंगळी चिकटतेच. पावसाळ्यात लाकडी दस्ता ओल धरून फुगतो, नळीला एका बाजूने रेटतो आणि नेम सरकतो. त्याचा दोष माशीला, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेला, दिला जातो, माशी सरकवली जाते आणि दिवाळीनंतर लाकूड सुकले की नेम उलट्या बाजूला जातो.

एकाच लक्षणाने अनेक रायफली एकदम बंद पडल्या तर विचाराची दिशाच बदलावी लागते. 21 ऑगस्ट 2019 रोजी बिहारच्या सुपौल जिल्ह्यात माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्या अंत्यसंस्कारात पोलिसांनी मानवंदनेसाठी 22 रायफली उचलल्या आणि एकीचाही बार निघाला नाही. देशभर बातमी झाली ती रायफलींच्या म्हातारपणाची. पण थोडे थांबून पाहा. 22 वेगवेगळ्या पिना, 22 वेगवेगळ्या स्प्रिंगा एकाच क्षणी निकामी होणे जवळजवळ अशक्य आहे. तेव्हा सगळ्यांत सामाईक काय ते आधी शोधायचे: काडतुसांचा साठा, तो कुठे आणि किती काळ ठेवला होता, किंवा हत्यारांची एकत्र झालेली निगा. एक रायफल अडली तर तिच्यात काय वेगळे आहे ते विचारायचे, आणि सगळ्या अडल्या तर त्यांच्यात काय सारखे आहे ते. हा फरक बोईसरच्या कारखान्यात पाळी सांभाळणाऱ्या फिटरला सांगावा लागत नाही; बंदुकीच्या बाबतीत मात्र आपण तो विसरतो, कारण बंदुकीभोवती दरारा असतो आणि दरारा असला की प्रश्न कमी विचारले जातात.

यावर एक आक्षेप जाणकारांकडून येतो: मुरलेला उस्ताद आवाजावरून दोष सांगतो, त्याला ही चौकशी कशाला? उस्तादाच्या कानाला मी मान देतो. पण बोटीचे इंजिन समुद्रात बंद पडले, तर कसलेला तांडेलही आधी डिझेल पोहोचते का ते पाहतो आणि मगच इंजिन उघडतो. अनुभव म्हणजे हाच क्रम वेगाने पार करणे. क्रमाशिवायचा अंदाज किती फसवतो हे अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड रायफलीत दिसले. तिथले निष्णात कारागीर तापलेल्या पोलादाचा रंग नुसत्या डोळ्याने पाहून तापमान ठरवत. लख्ख उन्हाच्या दिवशी तोच रंग फिका दिसे, पोलाद नको इतके तापे आणि ठिसूळ होई. रायफली फुटू लागल्या, तेव्हा 1918 च्या सुमारास तापमान मोजायची यंत्रे बसवून प्रक्रिया बदलली, आणि क्रमांक 8,00,000 च्या आधीच्या रायफली संशयित ठरल्या. नजर वाईट नव्हती. उजेड बदलतो हे कोणी धरले नव्हते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. हे धोकादायक हत्यार आहे, सामान्य माणसाने त्यात डोके घालूच नये. दुरुस्तीपुरते हे पूर्ण खरे. 1959 च्या शस्त्र कायद्यात हत्याराच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो आणि लागायलाच हवा. घरी कानस घेऊन बसणाऱ्याला माझा कसलाही पाठिंबा नाही. पण दुरुस्ती आणि निदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारागिराच्या टेबलावर रायफल येते तेव्हा ती रिकामी, पुसलेली आणि थंड असते. बिघाडाच्या क्षणाचा साक्षीदार फक्त वापरणारा असतो. तो ‘चालत नाही’ एवढेच बोलला तर कारागीर अंदाजाने सुटे भाग बदलणार, आणि बिल वाढूनही दोष तिथेच राहणार. म्हणून परवानाधारकाने चार गोष्टी सांगाव्यात: मूठ कोणत्या हालचालीत अडली, पहिल्या गोळीला की नळी तापल्यावर, काडतुसाची पेटी कोणती, शेवटची सफाई कधी आणि कशाने. चिकटलेली पुंगळी फेकून न देता न पुसता सोबत न्यावी. बुडाच्या जरा वर तिच्याभोवती चकाकणारे कडे दिसले तर पितळ तिथे ताणले गेले आहे, बोल्टचे तोंड आणि काडतुसाचे बूड यांच्यातले अंतर वाढले आहे, आणि ती रायफल कारागिराने मोजून पाहीपर्यंत पुन्हा झाडायची नाही.