जोर कोणत्या चाकाला?

(ऐरोली येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



नेरळ स्टेशनच्या बाहेर पडलं की माथेरानच्या पायथ्याचा टॅक्सीस्टँड लागतो. इथून दस्तुरी नाक्यापर्यंत वर जाणाऱ्या टॅक्स्या नीट बघा. वर्षानुवर्षं तिथे मारुतीची व्हॅनच चालत आली आहे. आधी ओम्नी होती, ती २०१९ साली बंद झाल्यावर आता ईको. गाडी छोटी, इंजिन छोटं, आत माणसं खच्चून भरलेली. तरी भर पावसात, अंगावर येणाऱ्या चढावर, उलट्या वळणांवर ती वर जाते. त्याच घाटात दुप्पट किमतीची, दीडपट ताकदीची नवी मोटार मात्र वळणावर थांबते, पुढची चाकं जागेवर फिरायला लागतात, रबराचा वास येतो आणि कुटुंबाला खाली उतरावं लागतं. दर पावसाळ्यात हे दृश्य तिथे दिसतं. लोक म्हणतात, ड्रायव्हर सरावलेला आहे. तो सरावलेला असतोच. पण त्या व्हॅनमध्ये इंजिनाचा जोर मागच्या चाकांना जातो आणि अडकलेल्या मोटारीत तो पुढच्या चाकांना जातो, ही गोष्ट त्याच्या सरावाइतकीच महत्त्वाची आहे. आजचं माझं सगळं बोलणं या एका फरकाबद्दल आहे.

गाडीचा वेग इंजिनात तयार होतो असं आपल्याला वाटतं. इंजिन फक्त चाक फिरवतं. गाडी पुढे जाते ती टायर रस्त्याला मागे ढकलतो म्हणून, आणि टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेत. त्या जागेतून किती जोर रस्त्याला देता येईल हे दोन गोष्टींवर ठरतं: रस्ता आणि रबर यांच्यातलं घर्षण, आणि त्या चाकावर पडलेलं वजन. यापलीकडे कंपनीच्या जाहिरातीतली हॉर्सपॉवर कामाला येत नाही. जास्तीचा जोर चाक नुसतं फिरवण्यात वाया जातो.

वजन मात्र एका जागी स्थिर राहत नाही. गाडी वेग घेते तेव्हा तिचा भार मागे सरकतो, बॉनेट किंचित वर उठतं. चढावरही तसंच होतं. म्हणजे जोर लावायची खरी गरज असते नेमकी तेव्हाच पुढची चाकं हलकी होतात आणि मागची जड होतात. कोणत्याही गाडीला हे चुकलेलं नाही.

आता थोडं गणित करू. आकडे ढोबळ आहेत, पण दिशा बरोबर आहे. चालकासह १,००० किलोची मोटार घ्या. इंजिन पुढे असल्यामुळे ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर, ४० टक्के मागच्यांवर. पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर नेणारा चढ. रस्ता ओला, पेव्हर ब्लॉक शेवाळलेले, त्यामुळे टायरला वजनाच्या चार दशांशच पकड मिळते असं धरू. ही गाडी नुसती वर सरकत राहायला सुमारे १९६ किलोंचा रेटा लागतो. चढामुळे पुढच्या चाकांवर ६०० ऐवजी साधारण ५४५ किलो उरतात, त्यांची पकड २१८ किलोंची. म्हणजे पुढच्या चाकांची गाडी चढेल, पण काठावर. हीच गाडी मागच्या चाकांवर चालणारी असती तर तिची पकड १७४ किलो भरली असती, आणि ती अडकली असती.

इथपर्यंत पुढचं चाक जिंकलं. आता त्याच गाडीत चार माणसं आणि सामान भरा, ३०० किलो, बहुतेक सगळं मागच्या बाजूला. गाडी १,३०० किलोंची झाली आणि तिला आता २५५ किलोंचा रेटा हवा. वजनाचा तोल बदलून पुढे निम्म्याहून किंचित कमी उरलं. पुढच्या चाकांची पकड भरते २२८. गाडी अडकली. मागच्या चाकांची भरते २८३. गाडी निघाली. इंजिन तेच, रस्ता तोच, टायर तेच. नेरळचा टॅक्सीवाला भाडं भरल्याशिवाय निघत नाही. त्याची गाडी नेहमी भरलेली असते आणि भरलेल्या गाडीला मागचं चाक धार्जिणं असतं. उलट रिकामा पिकअप टेम्पो पावसात मागून घसरतो, म्हणून काही ड्रायव्हर हौद्यात वाळूची पोती टाकून ठेवतात. त्यामागचं शास्त्रही हेच. आणि माथेरानच्या वळणावर माणसं उतरवली की अडकलेली मोटार वर का जाते, याचं उत्तरही याच आकड्यांत आहे.

मग साऱ्या मोटारी पुढच्या चाकांकडे का वळल्या? आपल्या पिढीने हा बदल डोळ्यांदेखत पाहिला. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणारी पद्मिनी इंजिन पुढे आणि जोर मागे अशी होती. गाडीच्या पोटातून प्रॉपेलर शाफ्ट जायचा, त्यासाठी तळाला उंचवटा, आणि मागच्या सीटवर मधे बसणाऱ्याच्या पायांची पंचाईत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. इंजिन आडवं, गीअरबॉक्स त्याच्याच शेजारी, जोर पुढच्या चाकांना. शाफ्ट गेला, वजन घटलं, खर्च घटला, आत जागा झाली. १९९८ अखेरीस टाटांनी पुण्यात इंडिका आणली तीही अशीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळीपिवळी पद्मिनी गेली तोवर शहरातल्या बहुतेक टॅक्स्या पुढच्या चाकांवर आलेल्या होत्या. सपाट शहरात, एक-दोन माणसं घेऊन फिरणाऱ्या गाडीला हा बदल योग्यच होता. पावसात सरळ जाताना ती नवशिक्यालाही सांभाळून घेते, कारण वजन आणि जोर एकाच ठिकाणी असतात.

तिची अडचण वळणावर दिसते. टायरची पकड ही एकच पुंजी आहे. वळण्यासाठी जितकी खर्च कराल तितकी ओढण्यासाठी कमी उरते. पुढच्या चाकांच्या गाडीत स्टेअरिंगही त्यांचं आणि ओढणंही त्यांचंच. घाटातल्या उलट्या वळणावर जोरात अॅक्सिलरेटर दाबला की गाडी वळायच्या ऐवजी सरळ जायला बघते. मागच्या चाकांच्या गाडीत ही कामं वाटलेली असतात. पण तिथे अति केलंत तर मागचा भाग बाहेर फेकला जातो, आणि तो सावरणं नवख्याच्या हातचं नाही. दोन्हींपैकी पहिली चूक जास्त क्षम्य आहे, असं माझं मत आहे. पाय उचलला की ती बहुधा सुधारते.

वेग घेण्याबद्दल तरुण मंडळी नेहमी विचारतात. कोरड्या, चांगल्या डांबरावर टायर वजनाच्या आठ दशांश पकड देतो असं धरलं, तर इंजिनात हवी तेवढी ताकद असूनही पुढे ६० टक्के वजन असलेली पुढच्या चाकांची गाडी शून्यावरून १०० किलोमीटर वेग सुमारे सात सेकंदांच्या आत गाठू शकणार नाही. वजन समसमान वाटलेली, मागच्या चाकांची गाडी सहाच्या किंचित आत येईल. चारही चाकांना जोर असेल तर ही मर्यादा साडेतीन सेकंदांवर येते. नेहमीच्या हॅचबॅकला दहा-बारा सेकंद लागतात, तिथे कमी पडते ती ताकद. पकडीचा प्रश्न तिला पहिल्या गीअरपुरता, चिखलापुरता आणि चढापुरता येतो.

इलेक्ट्रिक मोटारीने मात्र हे गणित सर्वांसाठी जिवंत केलं. मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण पीळ देते, म्हणून पुढची चाकं सहज निसटतात. शिवाय तिला लांब शाफ्ट लागत नाही. मोटर मागच्या अॅक्सलवरच बसवता येते आणि बॅटरी तळात पसरल्यामुळे वजन जवळजवळ समान वाटलं जातं. महिंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेली, चाकणला बनणारी बीई ६ मागच्या चाकांवर चालते. टाटांची सफारी १९९८ साली मागच्या चाकांची होती, २०२१ मध्ये त्याच नावाने पुढच्या चाकांची झाली. आणि २०२५ च्या हॅरियर ईव्हीत मोटर पुन्हा मागे गेली, महागड्या प्रकारात पुढे आणखी एक बसली. चाळीस वर्षांत आपण फिरून मागच्या चाकाशी आलो, पण या वेळी तळातला उंचवटा न घेता.

जिथे वजन तिथे जोर, हेच तत्त्व आपल्या ऐरोली स्टेशनातली लोकलही पाळते. बारा डब्यांच्या गाडीत मोटरचे डबे चार असतात. एकच इंजिन पुढे लावून डबे ओढले तर पकड फक्त त्या इंजिनाच्या वजनाची मिळते. लोकलमध्ये एक तृतीयांश डबे स्वतः ओढतात आणि त्यांतल्या प्रवाशांचं वजनही पकड वाढवतं. दर दोन-तीन किलोमीटरवर थांबून पुन्हा झटकन वेग घेणं त्यामुळे जमतं.

चार चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांविषयी दोन गोष्टी सांगतो. पहिली, डिफरन्शियल साधं असेल तर एक चाक चिखलात मोकळं फिरलं की त्याच्या जोडीदारालाही तेवढाच कमी जोर मिळतो. म्हणून थारसारख्या गाडीत मागचं डिफरन्शियल लॉक करायची सोय काही प्रकारांत देतात, आणि बाकीच्या गाड्यांत फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून तेच काम थोडंफार साधतात. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांनाच असतात. फोर बाय फोर गाडी ओल्या रस्त्यावर लवकर निघते, लवकर थांबत नाही. उलट तिचं वजन जास्त असतं. निघताना चाक अजिबात न घसरल्यामुळे चालकाला रस्ता किती निसरडा आहे हे कळतच नाही आणि तो माळशेजच्या उतारावर नको तितक्या वेगाने शिरतो. महागड्या गाडीच्या भरवशावर पावसात वेग वाढवणाऱ्यांना मला हेच कळकळीने सांगायचं आहे.

गाडी घेताना विक्रेत्याला मायलेज विचारता तसं जोर कोणत्या चाकाला आहे तेही विचारा, आणि तुम्ही ती बहुतेक वेळा रिकामी चालवणार की भरून, सपाटीला की घाटात, याचा विचार करून निवडा. घेतलेल्या गाडीची रचना बदलता येत नाही; टायर बदलता येतात. टायरच्या खाचांमध्ये १.६ मिलिमीटर उंचीच्या आडव्या खुणा असतात. रबर झिजून त्या खुणांशी आलं असेल तर तो टायर पाणी बाहेर टाकू शकत नाही, मग जोर पुढे असो, मागे असो की चारही चाकांना. पहिला पाऊस पडण्याआधी चारही टायरच्या या खुणा वाकून बघा, आणि झिजलेला टायर घेऊन घाटात जाऊ नका.