झोपेतली फिट आणि नेमकं औषध

इयरफोन नीट लावा, आजचा विषय थोडा गंभीर आहे, पण आपण सोप्या भाषेत बोलू.

एक मूल रात्री झोपेतून अचानक उठतं. ओरडतं, हातपाय झाडतं, सायकल चालवल्यासारखे पाय हलवतं आणि मिनिटभरात परत झोपी जातं. कधी एकाच रात्री असं चार-पाच वेळा होतं. घरात कुणी म्हणतं, स्वप्नात घाबरलंय. कुणी म्हणतं, दृष्ट काढा. मी घरच्यांना दोष देणार नाही, कारण हा आजार डॉक्टरांनाही चकवतो. फिट मेंदूच्या पुढच्या भागात खोलवर सुरू होत असेल, तर ईईजीसुद्धा नॉर्मल येऊ शकतो.

ही झोपेत येणारी एपिलेप्सी आहे, म्हणजे आपल्याकडे जिला आकडी किंवा मिरगी म्हणतात ती. तिचा एक प्रकार आनुवंशिक असतो. आई किंवा वडिलांकडे तो जनुकीय बदल असेल, तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता ५० टक्के. पण बदल आला म्हणजे फिट येणारच असंही नाही. एकाच घरात एकाला रोज त्रास आणि दुसऱ्याला काहीच नाही, असंही दिसतं.

१९९४ मध्ये इंग्रिड शेफर, सॅम्युअल बर्कोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कुटुंबांचं वर्णन केलं. त्यातल्या अनेकांच्या फिट्सना आधी झोपेचा विकार समजलं गेलं होतं. पुढच्याच वर्षी एका ऑस्ट्रेलियन कुटुंबात सीएचआरएनए४ या जनुकातला बदल सापडला. मेंदूच्या पेशींवर ॲसिटिलकोलीन या रसायनाची 'कुलपं' असतात, त्यांचा एक भाग हे जनुक बनवतं. कुलूप बिघडलं की झोपेत पेशी भलत्या वेळी पेटतात.

मग उपचार? पहिलं औषध बहुतेकदा कार्बामाझेपिन. जुनं आहे, स्वस्त आहे आणि साधारण दोन तृतीयांश पेशंटना रात्री, कमी डोसमध्येसुद्धा, चांगला फायदा होतो. सुरू करण्याआधी डॉक्टर एक रक्ततपासणी सांगू शकतात, कारण आशियाई वंशाच्या काही लोकांमध्ये या औषधाने त्वचेची गंभीर रिॲक्शन येते. अंगावर पुरळ आलं तर लगेच डॉक्टरांना कळवायचं.

उरलेल्या मुलांसाठी 'कोणतं जनुक?' हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. त्याच कुलपावर निकोटिनही काम करतं, म्हणून औषधांना दाद न देणाऱ्या काही मोजक्या पेशंटना निकोटिनचा पॅच लावून पाहिला गेला आणि काहींच्या फिट्स कमी झाल्या. थांबा, याचा अर्थ तंबाखू किंवा सिगारेट औषध आहे असा अजिबात नाही! पॅचही फक्त तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच.

केसीएनटी१ नावाच्या जनुकात बदल असेल तर आजार जास्त कठीण असतो. तिथे क्विनिडिन हे हृदयाचं औषध उपयोगी पडेल अशी मोठी आशा होती. पण २०१८ मध्ये सहा पेशंटवरच्या चाचणीत फायदा दिसला नाही, उलट हृदयावर परिणाम दिसले. म्हणजे लॅबमध्ये जमलेलं गणित पेशंटमध्ये जमेलच असं नाही. डीईपीडीसी५ जनुकाच्या काही केसेसमध्ये मेंदूत छोटासा सदोष भाग सापडतो आणि ऑपरेशनचा विचार करता येतो.

आता तुमचं काम. फोन हातात आहेच ना? असा प्रकार दिसला तर व्हिडिओ काढा, वेळ नोंदवा आणि न्यूरोलॉजिस्टना दाखवा. अनेकदा तोच सगळ्यात मोठा पुरावा असतो. मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ हॉस्पिटल. आणि औषध स्वतःहून कधीच बंद करायचं नाही.

आणखी एक. आपल्याकडे लग्नं अडतील म्हणून घरातली आकडी लपवली जाते. आजीला, काकाला, आत्याला प्रेमाने विचारा, "लहानपणी झोपेत असं काही व्हायचं का?" त्या एका उत्तराने एखाद्या मुलाची कित्येक वर्षं वाचू शकतात. शाळेत पेंगणारं मूल आळशी नसतं हो, त्याची रात्रच झालेली नसते.

हा एपिसोड घरच्या ग्रुपवर नक्की टाका. भेटूया पुढच्या आठवड्यात!