शेजारचा डांग

सापुताऱ्यामार्गे नाशिकला जाताना आपण सगळेच डांग ओलांडतो. थांबतो मात्र वघईजवळ, गिरा धबधब्यावर, फोटोपुरते.

सह्याद्रीच्या उत्तर टोकाचा हा डोंगराळ जिल्हा. साग, बांबू आणि उतारावरची नागली. पूर्णा आणि अंबिका इथूनच नवसारीकडे वाहत येतात. १८४२ साली इंग्रजांनी इथल्या भिल राजांकडून जंगल पट्ट्याने घेतले. त्या पाच राजघराण्यांना आजही होळीच्या सुमारास आहव्याच्या डांग दरबारात सरकारी मानधन मिळते.

१९६० साली राज्ये वेगळी झाली, त्याआधी डांग मराठी की गुजराती, असा मोठा वाद झाला. आपल्या वडीलधाऱ्यांनाही 'डांग आपला' वाटे. पण इथले भिल, कुणबी, वारली आपसांत डांगी बोलतात. त्यातले कितीतरी शब्द आपल्याला सहज कळतात.

दिवाळीनंतर यातलीच अनेक कुटुंबे ऊसतोडीला आपल्या सुरत जिल्ह्यात येतात. आम्ही सरकारी नोकर त्यांच्याशी गुजरातीत बोलून मोकळे होतो. 'तुम्ही मराठी की गुजराती?' या प्रश्नाला आपली मुलेही अडखळतात. मग डांगी माणसाला तो प्रश्न आपण तरी कशाला विचारावा? त्याचे गाव विचारू, आणि ऐकत बसू.

गणपती बाप्पा मोरया!